धरणाचा ठेका वादात असताना मासा कसा टिकवावा

मराठवाड्याला समुद्र नाही, पण मासेमारी कोणी करायची यावरचे वाद आहेत आणि ते किनाऱ्यावरच्या वादांपेक्षा कमी कडवट नाहीत. जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय तुडुंब भरला की त्याचे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. त्याचा एक काठ पैठण आणि गंगापूर तालुक्यांत आहे, तर दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेवगाव आणि नेवासा तालुक्यांत. ईसापूरच्या पाण्याला हिंगोली आणि यवतमाळ अशा दोन जिल्ह्यांची हद्द लागते, सीना-कोळेगावच्या पाण्याला धाराशिव आणि सोलापूरची. अशा प्रत्येक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणारे भोई, कहार आणि कोळी असतात, जमीन पाण्याखाली गेली म्हणून पाण्यावर हक्क सांगणारे धरणग्रस्त असतात, कागदावर मासेमारीचा ठेका असलेली एखादी संस्था असते आणि त्या संस्थेच्या मागे बऱ्याचदा संस्थेत नाव नसलेला कोणी तरी पैसेवाला असतो. निवडणूक जवळ आली की या सगळ्यांना वेगवेगळे नेते मिळतात आणि जो प्रश्न एका बैठकीत सुटला असता तो मोर्चा, स्थगिती आणि अपील या वाटेने जातो.

या काळात माशाचे काय होते, हे काठावरच्या कोणालाही ठाऊक असते. ठेक्याला स्थगिती मिळाली की मत्स्यबीज (वाढीसाठी पाण्यात सोडायची माशांची पिले) कोणी सोडत नाही, कारण सोडलेला मासा आपल्याच जाळ्यात येईल याची खात्री नसते. जाळे मात्र सगळेच टाकतात, कारण आपण थांबलो तर दुसरा नेणारच आहे. दोन-तीन वर्षांनी निकाल लागतो तेव्हा जिंकणाऱ्याच्या हाती चिलापी (तिलापिया) आणि झिंग्यांनी भरलेले पाणी येते. हे मार्गदर्शन अशा वादात अडकलेल्या मच्छीमार संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी, सभासदांसाठी आणि काठावरच्या ग्रामपंचायतींसाठी आहे. हक्क कोणाचा हे ते ठरवत नाही. हक्काचा वाद आणि माशाचा नियम यांची फारकत करून, पहिला प्रश्न लोंबकळत असतानाही दुसरा कसा पाळता येतो, एवढेच ते सांगते.

आधी कागद पाहावेत

पाणी कोणाचे आणि मासा कोणाचा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि बैठकीतली निम्मी भांडणे हा फरक न कळल्याने होतात. मोठी आणि मध्यम धरणे जलसंपदा विभागाची असतात. मराठवाड्यात त्यांतली बहुतेक गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहेत. तिथल्या मासेमारीचा ठेका मात्र साधारणपणे मत्स्यव्यवसाय विभाग देतो. पाझर तलाव आणि गावतळी यांच्याबाबत जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायत हा पक्ष असू शकतो. नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागातल्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा कायदा) लहान जलाशयांचे नियोजन पंचायतीकडे सोपवलेले असल्याने तिथे ग्रामसभेला बाजूला ठेवून कोणताही करार टिकत नाही. नाथसागरावर आणखी एक दार आहे ते वन विभागाचे, कारण १९८६ मध्ये हा परिसर जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो.

म्हणून पहिले काम म्हणजे सध्याचा ठेका आदेश, त्यातल्या अटी, दर वर्षी किती मत्स्यबीज सोडायचे याचा आकडा, स्थगिती असेल तर तिची प्रत, आणि मागच्या काही वर्षांत मत्स्यबीज संचयन झाल्याचे पंचनामे गोळा करावेत. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयातून हे मिळते. तोंडी मागून मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. जलाशयांच्या ठेक्याचे धोरण २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये शासन निर्णयांनी बदलले, त्यामुळे आपला ठेका कोणत्या शासन निर्णयाखाली दिलेला आहे हे तपासल्याशिवाय बोलू नये. स्थगितीचा आदेश पूर्ण वाचावा. पुष्कळदा तो नव्या संस्थेला ठेका देण्यापुरताच असतो. बीज सोडायला किंवा जाळ्यांवर मर्यादा घालायला त्याने मनाई केलेली नसते. गावात मात्र ‘कोर्टाने सगळे थांबवले’ एवढेच ऐकू येते.

कोणता मासा कसा वाढतो, याप्रमाणे नियम

कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे मराठवाड्यातल्या धरणांच्या उत्पन्नाचा कणा आहेत, आणि ते साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करत नाहीत. पावसाळ्यात नदीला नवे पाणी आले की तयार झालेल्या माद्या प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि वाहत्या, पसरलेल्या उथळ पाण्यात अंडी टाकतात. त्यामुळे ज्या धरणाला वरून जिवंत नदी येऊन मिळते तिथे जनक मासे वाचवण्याला अर्थ आहे. ज्या तलावात फक्त ओढ्याचे पाणी साठते तिथे पुढचे पीक सोडलेल्या बीजावरच अवलंबून असते आणि तिथे ‘अंडी घालू द्या’ म्हणून केलेल्या उपदेशाला फारसा आधार नाही. तिथे लहान मासा न पकडण्याचे कारण वेगळे आणि जास्त पटणारे आहे: पावशेराचा कटला काही महिने पाण्यात राहिला तर किलोचा होतो आणि किलोमागे भावही जास्त मिळतो.

मरळ, शिंगटी, वाम यांसारखे स्थानिक मासे मात्र कोणी आणून सोडत नाही. ते स्वतःच वाढतात आणि स्वतःच संपतात. मरळीचे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यात काठच्या गवताळ, उथळ पाण्यावर लालसर-नारिंगी रंगाचा, बुडबुडल्यासारखा हलणारा पुंजका दिसतो. तो मरळीच्या पिलांचा थवा असतो आणि त्याच्या खाली हातभर पाण्यात आई-बाप राखण करत असतात. पुंजक्यावर काही पडले की ते झेप घेतात, म्हणूनच गळ टाकणारे नेमके तिथेच टाकतात. एक मोठी मरळ हाती लागते आणि राखण गेलेला सबंध थवा दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. मरळीला बाजारात मिळणारा भाव पाहता हा सौदा आतबट्ट्याचा आहे. करारात इतर काही ठरले नाही तरी ‘पिलांचा थवा दिसेल तिथे गळ टाकायचा नाही’ ही एक ओळ ठरवावी. ती पाळायला खर्च नाही आणि मोडली तर सर्वांना दिसते.

चिलापीची काळजी करण्याचे कारण नाही. ती वर्षातून अनेकदा अंडी घालते आणि कटला-रोहूच्या वाट्याचे खाद्य खाते, तेव्हा ती जेवढी निघेल तेवढी काढावी. थाई मांगूर म्हणून विकला जाणारा आफ्रिकन मांगूर पाळण्यावर आणि विकण्यावर देशात बंदी आहे. तो कोणत्याही गटाने, कोणत्याही निमित्ताने जलाशयात सोडू नये, कारण तो इतर मासे खातो आणि एकदा पसरला की बाहेर काढता येत नाही.

हक्काला हात न लावणारा करार

आता मुख्य काम. विरोधी गट एका सतरंजीवर बसायला तयार होत नाहीत, कारण बसणे म्हणजे समोरच्याचा हक्क मान्य करणे असे त्यांना वाटते आणि त्यांचे वकीलही तसेच सांगतात. यावर उपाय म्हणजे कराराचे पहिलेच कलम हक्काला अलग ठेवणारे असावे. त्याचा मजकूर साधारण असा करता येईल: ‘या करारातील कोणत्याही मजकुराने, किंवा त्यावर सही केल्याने, जलाशयातील मासेमारीच्या हक्काबाबत कोणत्याही पक्षाचे म्हणणे मान्य केले किंवा सोडून दिले असे समजले जाणार नाही, हा करार न्यायालयात किंवा कोणत्याही कार्यालयात हक्काचा पुरावा म्हणून वापरला जाणार नाही, तो केवळ मत्स्यसाठ्याच्या जतनासाठी असून वादाचा अंतिम निर्णय होईपर्यंत लागू राहील.’ हा मजकूर दोन्ही बाजूंच्या वकिलांना आधी दाखवावा. वकिलाने मान डोलावली की निम्मे काम झाले.

बैठक कोणाच्या वाड्यावर, पक्षाच्या कार्यालयात किंवा एका गटाच्या गावात घेऊ नये. शाळा, ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा तहसील कार्यालय ही जागा बरी. मत्स्यव्यवसाय विभागाचा अधिकारी साक्षीदार म्हणून असावा, पक्ष म्हणून नव्हे. बैठकीला केवळ अध्यक्ष-सचिव बोलावून भागत नाही, कारण रात्री जाळे टाकणारा माणूस अध्यक्ष नसतो. प्रत्येक काठावरून प्रत्यक्ष पाण्यात उतरणारे दोघे-तिघे आणि मासळी उचलणारा व्यापारीही बोलावावा. व्यापाऱ्याचे महत्त्व बहुतेक करार विसरतात. अर्धा किलोचा रोहू कोणी विकत घेतलाच नाही तर तो कोणी पकडणार नाही. आणि काठावरच्या दहा-वीस किलोमीटरच्या पट्ट्यात खरेदी करणारे व्यापारी मोजकेच असतात, मच्छीमार मात्र शेकडो.

करार झाल्यावर प्रत्येक संस्थेने तो आपल्या सर्वसाधारण सभेत ठरावाने मंजूर करून घ्यावा. नुसती संचालक मंडळाची सही पुरेशी नाही, कारण संचालक बदलले की नवे मंडळ ‘तो आधीच्यांचा करार’ म्हणून हात वर करते. प्रकरण न्यायालयात असेल तर दोन्ही पक्षांनी मिळून, अंतरिम व्यवस्था म्हणून हा करार नोंदीवर घ्यावा असा अर्ज करावा. सगळ्या गोष्टींवर भांडणाऱ्या पक्षांनी एका गोष्टीवर एकत्र अर्ज केला, तर न्यायालयाला तो नाकारण्याचे सहसा कारण उरत नाही.

समुद्राकडे पाहिले तर हीच वाट दिसते. यांत्रिक नौका आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातल्या सत्तरच्या दशकातल्या संघर्षांनंतर किनाऱ्यावरच्या राज्यांत सागरी मासेमारीचे कायदे झाले; महाराष्ट्राचा १९८१ चा. माशांच्या थव्याला वेढा घालून खालून आवळल्या जाणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर २०१६ च्या फेब्रुवारीत निर्बंध आले त्यावरचा वाद अजून शमलेला नाही, राज्याची हद्द बारा सागरी मैलांपर्यंत आणि त्यापुढे केंद्राची, यातली ओढाताणही चालूच आहे. तरीही १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना बंदी असते, आणि २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले, ज्यात पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, बोंबिलासाठी १८० आणि सुरमईसाठी ३७० मिलिमीटर असे स्पष्ट आकडे आहेत. पाणी कोणाचे यावर एकमत नसतानाही केव्हा थांबायचे आणि किती लहान मासा सोडायचा, हे तिथे ठरवता आले. धरणांवर असे तपशीलवार नियम आपले आपणच लिहावे लागतात, एवढाच फरक.

जाळे, बंद काळ आणि डोह

कंडाळी जाळ्यात मासा डोके घालतो आणि कल्ल्यांशी अडकतो, त्यामुळे किती मोठा मासा सापडणार हे जवळजवळ पूर्णपणे आसावर, म्हणजे जाळ्याच्या डोळ्याच्या मापावर, ठरते. कटला-रोहूसाठी ताणलेला आस १०० मिलिमीटरपेक्षा कमी नसावा असे धरून चालावे. इथे एक बारीक गोष्ट आहे जिच्यावरून पुढे हमखास भांडण होते: काही जण आस मोजताना गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंतची बाजू मोजतात, तर काही जण आस ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधले अंतर मोजतात, आणि दुसरे माप पहिल्याच्या दुप्पट येते. ‘५०’ म्हणणारा आणि ‘१००’ म्हणणारा हे दोघे एकाच जाळ्याबद्दल बोलत असतात. करारात कोणते माप धरले ते लिहावे आणि ‘चार बोटे’ या मापावर काहीही सोडू नये, कारण बोटे माणसागणिक बदलतात. सुताराकडून १०० मिलिमीटर रुंदीची लाकडी पट्टी करून घ्यावी आणि प्रत्येक काठावर एकेक द्यावी. ओले जाळे ताणून आसातून पट्टी सहज गेली की जाळे चालेल. गेली नाही तर चालणार नाही. वादाला जागा उरत नाही.

अडचण येते ती चिलापी आणि झिंगे धरणाऱ्यांची, आणि ती खरी अडचण आहे. त्यांचे पोट बारीक आसाच्या जाळ्यावर चालते, आणि बहुधा हेच लोक सगळ्यांत गरीब असतात, ज्यांच्याकडे होडीही नसते, थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्यूबवर बसून ते काठाकाठाने फिरतात. त्यांच्यावर सरसकट बंदी घालणारा करार पहिल्याच महिन्यात मोडतो आणि तो मोडावाच. त्यांना काठावरून, एकट्या माणसाने फेकण्याच्या जाळ्याने मासेमारी करू द्यावी. मात्र बारीक आसाचे ओढजाळे आणि मोठ्या क्षेत्राला वेढा घालणारी जाळी पूर्ण बंद ठेवावीत. बारीक आसाचे ओढजाळे बीज सोडलेल्या पाण्यातून एकदा फिरले की संस्थेने वर्षभरासाठी केलेला खर्च एका सकाळीत बाहेर येतो.

बंद काळासाठी ठेक्यात अट असेल तर ती पाळावीच. नसेल तर जून ते ऑगस्ट हे तीन महिने निदान नदी जिथे जलाशयाला मिळते त्या तोंडाशी आणि तिथून वरच्या पात्रात जाळे टाकू नये. सबंध जलाशय तीन महिने बंद ठेवणे मोठ्या धरणावर शक्य नाही आणि आवश्यकही नाही. वर चढणाऱ्या माशांची वाट मोकळी असणे आवश्यक आहे. वाटेवर आडवे लावलेले एक जाळे इतर सगळ्या नियमांवर पाणी फिरवते.

डोहाचा नियम मात्र वर्षभराचा असावा. धरण होण्यापूर्वीचे नदीचे पात्र पाण्याखाली तसेच असते, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी उतरले की मोठे मासे त्या खोल पट्ट्यात गोळा होतात. जायकवाडीत एकूण २९०९ दशलक्ष घनमीटर साठ्यापैकी ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी सोडता न येणारे तळाचे पाणी, आहे. दुष्काळी वर्षी मासे उरतात ते या पाण्यात. जुन्या नावाड्यांना आणि बुडालेल्या गावांच्या वृद्धांना हे डोह नावानिशी माहीत असतात. त्यांना होडीत बसवून दोन-तीन डोह निश्चित करावेत, चार कोपऱ्यांना रंगवलेले ड्रम नांगरून ठेवावेत आणि तिथे वर्षभर जाळे टाकू नये. डोह निवडताना दोन्ही गटांच्या काठाजवळचा निदान एकेक असावा, नाहीतर त्याग एकाच बाजूचा होतो आणि करार तिथेच संपतो.

ठेका जर उन्हाळ्याच्या शेवटी संपणार असेल तर जास्त सावध राहावे. पाणी सगळ्यांत कमी, मासे एका जागी आणि ठेकेदाराला पुढची शाश्वती नाही, असे तिन्ही एकाच वेळी जुळते. एप्रिलपासूनच्या मासेमारीवर जाळ्यांच्या संख्येची मर्यादा घालणारे स्वतंत्र कलम करारात असावे.

बीज सोडताना

कागदावर सोडलेले बीज आणि पाण्यात सोडलेले बीज यांतली तफावत हा मराठवाड्यातल्या मच्छीमार संस्थांचा जुना आजार आहे. वाद असताना तो बळावतो, कारण एका गटाला ‘आम्ही लाखो सोडले’ म्हणायचे असते आणि दुसऱ्याला ‘एकही सोडले नाही’. म्हणून बीज दोन्ही गटांसमोर, मोजून सोडावे.

मोठ्या जलाशयात मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिले) किंवा अगदी लहान बीज सोडून उपयोग नाही. ते शिंगटी आणि मरळीचे खाद्य होते. निदान ८० ते १०० मिलिमीटरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिले, घ्यावी. ती महाग पडते, म्हणून संख्या कमी घ्यावी लागली तरी चालेल. गाडी आली की आधी बोटुकली पाहावी: अंगावर पांढरे ठिपके, झडलेले पर, पाण्यावर येऊन तोंड उघडणारे मासे दिसले तर ती खेप परत पाठवावी. मोजणीसाठी छिद्रे असलेले एकच लहान भांडे घ्यावे. तीन वेगवेगळ्या टाक्यांतून ते भांडे बोटुकलीने भरून घ्यावे, प्रत्येक भांड्यातली बोटुकली एकेक करून मोजावी, तिन्हींची सरासरी काढावी आणि मग किती भांडी सोडली ते मोजत जावे. भांडी मोजणारा एका गटाचा आणि लिहिणारा दुसऱ्या गटाचा असावा. ही पद्धत साधी आहे, आणि तिच्यानंतर आकड्यावरून वाद झाल्यास तो फक्त भांड्यांच्या संख्येपुरता राहतो.

पिशव्यांतून आलेली बोटुकली सरळ ओतू नये. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे जलाशयाच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तोंड उघडून हळूहळू धरणाचे पाणी आत घालावे आणि मासे आपणहून बाहेर पडू द्यावेत. सकाळ किंवा संध्याकाळची वेळ घ्यावी. भिंतीजवळ सोडू नये आणि दरवाजे उघडे असताना तर अजिबात नाही, कारण बोटुकली पाण्याबरोबर खाली निघून जाते. बॅकवॉटरच्या आडोशाच्या फाट्यांत, वेगवेगळ्या ठिकाणी सोडावी आणि त्या फाट्यांत पुढे दोन महिने जाळे टाकू नये. या कार्यक्रमाला पुढाऱ्यांना बोलवायचे असेल तर सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांना बोलवावे, नाहीतर कोणालाच नाही. माझ्या मते कोणालाच नाही हे बरे. भाषणे संपेपर्यंत पिशवीतला मासा थांबत नाही.

नोंदवही, आणि तिच्यातला एक फसवा आकडा

प्रत्येक उतरणीच्या ठिकाणी, म्हणजे होडीतली मासळी काठावर उतरते तिथे, एक वही असावी. तारीख, किती जाळी किती वेळ लावली, कोणता मासा किती किलो, आणि त्या दिवशीच्या मालातल्या दहा कटल्यांची व दहा रोहूंची लांबी. मोजपट्टी खिळ्याने लाकडी फळीवर ठोकून ठेवली की लांबी घ्यायला फार वेळ लागत नाही. या वहीतून दोन गोष्टी कळतात: दर जाळ्यामागे किती मासळी मिळते आणि मासा सरासरी किती मोठा आहे. दोन्ही आकडे वर्षानुवर्षे उतरत असतील तर साठा उपसला जात आहे.

पण पहिला आकडा धरणावर फसवतो. उन्हाळ्यात पाणी आटत जाते तसे मासे कमी जागेत दाटतात आणि दर जाळ्यामागची मासळी वाढते, प्रत्यक्षात साठा घटत असला तरीही. मे महिन्यातली भरघोस मासळी पाहून ‘धरणात मासा पुष्कळ आहे’ असे म्हणणारा आणि डिसेंबरची रिकामी जाळी पाहून ‘मासा संपला’ म्हणणारा, दोघेही पाण्याची पातळी विसरतात. म्हणून वहीत रोजची पातळी लिहावी. ती जलसंपदा विभागाकडून मिळते, आणि पैठणला तर ती फुटांत सांगण्याचीच रीत आहे. १५२२ फूट म्हणजे धरण पूर्ण भरले हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. या वर्षीच्या फेब्रुवारीची तुलना मागच्या फेब्रुवारीशी करण्यापेक्षा या वर्षीच्या एखाद्या पातळीची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच पातळीशी करावी.

वही दोन प्रतींत असावी आणि महिन्याअखेरी दोन्ही गटांनी एकमेकांच्या वहीवर सही करावी. राज्य शासनाने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आहे. सवलत, कर्ज किंवा दुष्काळात मदत मागताना ज्याच्याकडे नोंदी आहेत त्याचे म्हणणे ऐकले जाते, ज्याच्याकडे नुसती तक्रार आहे त्याचे नाही. हा मुद्दा बैठकीत मांडला की वही लिहायला लोक तयार होतात.

पाणीच कमी असेल तेव्हा

मराठवाड्यात माशाच्या वादाआधी पाण्याचा वाद असतो. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. समन्यायी वाटपाचे हे सूत्र महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात आहे आणि त्यावरून नाशिक-अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा हा सामना दर टंचाईच्या वर्षी रंगतो. मच्छीमाराने त्यात बोलावे की नाही हा त्याचा प्रश्न, पण १५ ऑक्टोबरचा आकडा त्याने जरूर पाहावा, कारण पुढच्या उन्हाळ्याचा अंदाज त्या दिवशी येतो. साठा कमी असेल तर त्याच महिन्यात बैठक घेऊन मोठे, विक्रीयोग्य मासे हिवाळ्यातच काढण्याचे आणि उन्हाळ्यात डोहांच्या आसपास पूर्ण थांबण्याचे वेळापत्रक करावे.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी धरणात जतन करण्यासारखे काही उरत नाही. मार्चपर्यंत तळ दिसणार हे नक्की असलेल्या लहान तलावात मासे राखून ठेवणे हा संवर्धनाचा हट्ट होय. तिथला सगळा मासा वेळेत काढून विकावा, त्यातला ठरलेला हिस्सा दोन्ही गटांच्या संयुक्त खात्यात पुढच्या बीजासाठी ठेवावा, आणि मरळ-वामसारखे स्थानिक मासे जवळच्या न आटणाऱ्या डोहात हलवावेत.

मे महिन्यात पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडताना दिसले तर पाण्यातला प्राणवायू कमी झाला आहे असे समजावे. मासे मेलेले आढळले तर वारा कोणत्या बाजूला आहे ते न पाहता समोरच्या गटावर विषाचा आरोप करू नये. आधी पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत घ्यावा, मत्स्यव्यवसाय विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोघांना कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा.

राखण

सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे हा कायद्याने गुन्हा आहे, मग करणारा ठेकेदार असो वा धरणग्रस्त. वीजप्रवाह सोडून मासे मारणाऱ्याने स्वतःच्या जिवाशी खेळ केलेला असतोच, शिवाय आकडा टाकून वीज घेतली असेल तर चोरीचा गुन्हा वेगळा होतो. या गोष्टींना करारात कोणतीही सवलत किंवा ‘पहिल्या वेळी समज’ असू नये.

राखणीच्या होडीत नेहमी दोन्ही गटांचा एकेक माणूस असावा. एकाच गटाची गस्त म्हणजे दुसऱ्या गटाला दटावण्याची सोय, असा अर्थ काठावर लगेच लावला जातो, आणि पुष्कळदा तो खरा असतो. गस्तीवाल्यांनी कोणाला मारहाण करू नये, जाळे कापू नये, जाळू नये, होडी ओढून नेऊ नये. ठिकाण, वेळ आणि जाळ्याचे छायाचित्र घेऊन तक्रार द्यावी. जाळे जाळले की दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात नियम मोडणारा फिर्यादी होतो आणि राखण करणारा आरोपी. नाथसागरावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात त्या उथळ भागांत जाळी लावणे टाळावे आणि गस्तीची माहिती वन विभागालाही द्यावी. पक्ष्यांच्या निमित्ताने का होईना, शासनाचा एक विभाग नियमाच्या बाजूने उभा राहतो.

करारभंगासाठी दंड ठेवावा, पण तो झेपेल एवढाच असावा आणि संयुक्त खात्यातच जावा. मोठा दंड कोणी भरत नाही. काही आठवडे उतरणीच्या ठिकाणी मासळी न घेण्याची शिक्षा, व्यापारी सोबत असेल तर, दंडापेक्षा लवकर लागू पडते.

शेवटचे कलम वादाचा निकाल लागल्यानंतरचे असावे. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, नोंदवह्या, डोहांचे नकाशे, लाकडी पट्ट्या आणि संयुक्त खात्यातली शिल्लक ठेका मिळालेल्या संस्थेच्या स्वाधीन करायची, आणि त्या बदल्यात त्या संस्थेने चालू वर्ष संपेपर्यंत बंद काळ, आस आणि डोह यांचे नियम तसेच ठेवायचे, एवढे त्यात लिहावे. हरलेल्या गटातल्या पाण्यावर पोट असलेल्या मच्छीमारांना क्रियाशील सभासद म्हणून घेण्याची तरतूदही त्यातच घालता आली तर घालावी. ती मान्य करून घेणे सगळ्यांत अवघड आहे, म्हणून तिच्यावरची चर्चा निकाल जवळ आल्यावर न करता पहिल्याच बैठकीत, कोण जिंकणार हे कोणालाच ठाऊक नसताना करावी.